रात्रपाळी, खर्रा आणि गालातला पांढरा डाग

प्रश्न : वय ३९. नागपूरच्या अजनी लॉबीला (चालक ड्यूटीवर हजर होतात ते ठिकाण) मालगाडीवर लोको पायलट, म्हणजे इंजिनचालक आहे. लागोपाठ रात्रीच्या ड्यूट्या लागल्या की तोंड येतं. दोन वर्षांपासून हेच चाललंय. ओठाच्या आत, जिभेच्या कडेला छाले पडतात, आठ-दहा दिवसांत जातात, पुन्हा येतात. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे, बी-कॉम्प्लेक्स घ्या. सोबतचे म्हणतात गरमी झाली. चार-पाच महिन्यांपासून डाव्या गालात आतून पांढरा डाग दिसतो, तो दुखत नाही. तर्री पोहे, सावजी आता खाववत नाही, आग होते. खर्ऱ्याच्या (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या) दिवसाला दोन-तीन पुड्या होतात, रात्री जागं राहायला लागतोच. बायको म्हणते दाखवून या. पण बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) केली तर रेल्वेच्या मेडिकल तपासणीत अडकेन का? आणि हे सगळं टेन्शनमुळेच आहे ना?

उत्तर :

नमस्कार.

नाही, सगळं टेन्शनमुळे नाही. छाल्यांमध्ये ताणाचा आणि जागरणाचा वाटा असू शकतो. पांढरा डाग आणि तिखटाची आग यांचं खापर मात्र टेन्शनवर फोडता येणार नाही. तिथे संशय आधी खर्ऱ्यावर जातो. तुमच्या पत्रात तीन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या तिन्ही 'तोंड येतं' या एकाच नावाखाली गेल्या, म्हणून दोन वर्षं बी-कॉम्प्लेक्सवर निघाली. पोलीस, नर्स, एसटीचे चालक, कंट्रोल रूममध्ये बसणारे यांच्या बाबतीतही असंच होतं. काम ताणाचं आहे हे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे तोंडात टॉर्च मारून बघायचं राहून जातं.

आधी छाले. ओठाच्या किंवा गालाच्या आत, जिभेच्या कडेला वा खाली येणारी गोल, उथळ जखम, तळ पिवळसर पांढरा, भोवती लाल कडा, आकार १ सेंटिमीटरच्या आत. ती साधारण ७ ते १४ दिवसांत मागे वण न ठेवता भरते. ही जखम तोंडातल्या मऊ, हलणाऱ्या अस्तरावर येते. दाताला घट्ट चिकटलेल्या हिरडीवर किंवा टाळूच्या कडक भागावर ती सहसा येत नाही. तिथे बारीक पाण्याच्या फोडांचा घोळका उठला तर तो बहुधा हर्पिस विषाणूचा असतो. त्यावर छाल्यांचं स्टिरॉइड असलेलं मलम लावलं तर बिघडतं. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळतं. हे छाले पुन्हा पुन्हा येणं त्रासदायक आहे, पण त्यातून कॅन्सर होत नाही.

ताण तिथे कसा पोचतो, तेही बघा. रात्रभर सिग्नल, कॉशन ऑर्डर (वेग कमी ठेवण्याच्या लेखी सूचना), रुळावर येणारी गुरं-माणसं यांवर नजर ठेवताना शरीर सज्ज राहतं आणि पातळ लाळ कमी होते. उरते ती घट्ट, चिकट लाळ. त्यात बहुतेक इंजिनांत लघवीची सोय नसल्याने तुम्ही लोक पाणी मुद्दाम कमी पिता, आणि नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत केबिन तापलेली असते. कोरड्या अस्तरावर दात, मिरची, टूथब्रश सगळंच जास्त घासतं. दुसरी गोष्ट दातांची. ताणाखाली माणूस नकळत दात आवळतो, गाल चावतो. ज्यांना छाल्यांची प्रवृत्ती आहे त्यांना अशा बारीकशा इजेच्या जागीही छाला उठतो. सकाळी जबडा जड वाटत असेल, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे दिसत असतील, तर हे तुमच्याकडे चाललेलं आहे. तिसरी गोष्ट तुटक झोप आणि रनिंग रूमचं (बाहेरगावी चालकांच्या विश्रांतीच्या जागेचं) अवेळी जेवण. लोक ज्याला गरमी म्हणतात त्यात खरा भाग बहुतेक वेळा कमी पाण्याचा आणि कमी झोपेचा असतो.

आता ज्यासाठी आम्ही तुम्हाला घाई करायला सांगणार आहोत, तो पांढरा डाग.

दिवसाउजेडी आरशासमोर उभं राहा, सोबत मोबाइलचा टॉर्च आणि स्वच्छ धुतलेली दोन बोटं. खर्रा खाल्ल्यावर लगेच बघू नका. चुळा भरून दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर चुन्याचा थर पांढरा दिसून फसगत होते. आधी दोन्ही ओठ उलटून आतून बघा. मग तोंड अर्धवट उघडं ठेवून गाल बोटाने बाहेर ओढा. पूर्ण आ केला की गाल ताणला जातो आणि मागचा भाग दिसत नाही, त्यामुळे अर्धवटच. शेवटच्या दाढेमागचा कोपरा सुटतो, तो आठवणीने बघा. जीभ रुमालात धरून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढा, मग टाळूला लावून तिच्या खालचा भाग पाहा. शेवटी डागावर ओला कापूस हलका फिरवा आणि बोटाच्या पोटाने तो चाचपून पाहा. मऊ आहे की कडक?

काय दिसतं त्यावर अंदाज बदलतो. दोन्ही गालांवर, दात जिथे मिटतात त्याच पातळीवर एकच आडवी पांढरी रेघ असेल तर ती दातांच्या दाबाची, निरुपद्रवी. त्याच पातळीवर कातडीचे फाटके, खरखरीत पापुद्रे असतील तर गाल चावण्याची सवय. कापसाने दह्याच्या सायीसारखा थर निघून खाली लाल भाग दिसला तर बुरशी. ती स्टिरॉइडचं मलम फार दिवस लावल्यावर, मधुमेहात, कोरड्या तोंडात येते. दोन्ही गालांवर बारीक पांढऱ्या रेषांची जाळी, मधे लालसर भाग, तिखटाने चुरचुर असं असेल तर लायकेन प्लेनस. हा आजार प्रतिकारशक्तीशी निगडित आहे आणि ताणाच्या काळात वाढतो. त्यातून कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास धरतात, पण त्यासाठी आयुष्यभर ठरावीक अंतराने दाखवत राहावं लागतं. बीपीच्या, मधुमेहाच्या आणि दुखण्याच्या काही गोळ्यांनीही अशीच जाळी उठते. कोणती गोळी चालू असेल तर तिचं नाव लिहून न्या, मनाने बंद करू नका.

आणि एकाच गालात, नेमका जिथे खर्रा दाबून धरता तिथे, पुसून न निघणारा डाग असेल तर तो तंबाखूचा डाग समजून चालावं लागतं. त्याला ल्युकोप्लेकिया म्हणतात. तुमचा डाग डाव्या गालात एकाच बाजूला आहे, चार-पाच महिने तिथेच आहे, दुखत नाही. तो दुखत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात, पण तोंडातले पूर्वकर्करोगाचे, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारे, डाग बहुतेक वेळा दुखतच नाहीत. तोंडात दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली कुठलीही जखम वा डाग दाखवायचाच, हा नियम आहे, आणि तुमचा डाग ती मुदत कधीच ओलांडून गेला आहे. डागात लाल भाग असेल, मधे खड्डा पडला असेल, कड कडक लागत असेल, हात लावताच रक्त येत असेल, मानेत गाठ असेल, ओठ बधिर असेल, कारण नसताना दात हलत असेल, गिळताना कानाकडे कळ जात असेल, तर पुढच्या रेस्टचीही वाट बघू नका.

तिसरी तक्रार तिखटाच्या आगीची, आणि आम्हाला तिची काळजी डागाइतकीच वाटते. सुपारी खाणाऱ्याला छाला नसतानाही तर्री सोसेनाशी होते, ही बऱ्याचदा सबम्युकस फायब्रोसिसची, म्हणजे गालाचं अस्तर आखडत जाण्याच्या आजाराची, पहिली खूण असते. पुढे गालाचं अस्तर पांढुरकं आणि चामड्यासारखं होतं, आतून बोट फिरवलं तर उभे दोर लागतात, शिट्टी वाजवता येत नाही, गाल फुगवून हवा धरता येत नाही, जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही. मग तोंड उघडणं कमी होत जातं.

हे मोजता येतं, म्हणून मोजा. प्लास्टिकची पट्टी घ्या. पट्टीच्या टोकाला शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते, ती कापून टाका, नाहीतर माप काही मिलिमीटरने चुकतं. तोंड जमेल तितकं उघडून वरच्या पुढच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर बायकोला वाचायला सांगा. तीनदा मोजून सर्वांत मोठं माप लिहा. मोठ्या माणसात ते साधारण ३५ ते ५० मिलिमीटर असतं. पट्टी नसेल तर स्वतःची तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं एकावर एक उभी दातांमध्ये जायला हवीत. ३५ च्या खाली असेल, किंवा दर महिन्याच्या १ तारखेला घेतलेलं माप घसरत असेल, तर आजार पुढे चालला आहे. २० च्या खाली गेल्यावर घास घेणं, दात घासणं, दाढेचं काम, सगळंच अडतं. ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरला नळी घालायलाही अडचण येते.

हे का होतं ते खर्रा घोटताना समोर दिसतं. पानठेल्यावर पन्नीत सुपारीचा चुरा, तंबाखू आणि ओला चुना टाकून तो ओलसर होईपर्यंत घोटतात. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं आणि निकोटिन झपाट्याने रक्तात जातं. किक येते ती याने, आणि तोच चुना अस्तर भाजतोही. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन अस्तराखालच्या पेशींना जादा तंतू बनवायला लावतं. सुपारीतलं तांबं त्या तंतूंना एकमेकांशी घट्ट बांधणारा एन्झाइम वाढवतं, त्यामुळे शरीराला ते मोडून काढता येत नाहीत. गाल आखडतो तो असा. म्हणूनच तंबाखू सोडून नुसती सुपारी, गोड सुपारी किंवा 'बिनतंबाखूचा' मसाला धरला तर आखडणं थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. फायब्रोसिस झालेल्यांना वर्षानुवर्षं पाहिलं तर शंभरात साधारण चार ते आठ जणांना तोंडाचा कॅन्सर झालेला आढळतो. बसलेले दोर औषधाने पूर्ण जात नाहीत. सुपारी थांबली तर आग कमी होते आणि पुढचं आखडणं बऱ्याच अंशी थांबतं. तुमचं वय ३९ आहे, तक्रार अजून आगीपर्यंतच आहे. थांबायची वेळ हीच.

'रात्री जागं राहायला लागतोच' असं तुम्ही लिहिलंत, त्यावर थोडं थांबायला हवं. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. ते उतरू लागलं की चिडचिड होते, लक्ष उडतं, जड वाटतं. पुढची चिमूट टाकली की बरं वाटतं. ते बरं वाटणं बरंचसं आधीच्या चिमटीची तलफ भागल्याचं असतं. इटारसीपर्यंतच्या एका रात्रीत हे तीन-चार वेळा घडतं आणि माणसाला वाटतं की खर्रा टेन्शन घालवतो. प्रत्यक्षात त्या टेन्शनचा एक मोठा तुकडा खर्ऱ्यानेच आणलेला असतो.

सोडायचं कसं? तुमच्या कामात एक पथ्य इतरांपेक्षा वेगळं आहे. पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातात, लक्ष लागत नाही, झोप बिघडते. म्हणून चालू रोस्टरच्या मधे, रात्रीच्या ड्यूटीच्या तोंडावर सोडू नका. पीआरला, म्हणजे ठरावीक विश्रांतीच्या सुट्टीला, जोडून तीन-चार दिवस रजा टाका आणि रजेच्या पहिल्या सकाळी बंद करा. आदल्या रात्री बॅगेतल्या, युनिफॉर्मच्या खिशातल्या, गाडीच्या डिक्कीतल्या पुड्या काढून टाका. तलफेची लाट तीन ते पाच मिनिटांत ओसरते. त्या वेळेपुरतं तोंडाला काम हवं, तर बडीशेप, फुटाणे, गार पाण्याचे घोट चालतील. लवंग आणि लिंबाच्या गोळ्या आत्ता नकोत, आग वाढेल.

निकोटिनचं च्युइंगगम बहुतेक जण चुकीचं खातात. ते साध्या गमसारखं चघळत राहिलं तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, मळमळ आणि उचकी लागते, तलफ मात्र तशीच राहते. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की हिरडी आणि गालाच्या मधे ठेवून द्यायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, संत्र्याचा रस घ्यायचा नाही, आंबटपणाने निकोटिन शोषलं जात नाही. पण तुमच्या गालात आधीच डाग आणि आग आहे, शिवाय जबडाही आखडत असेल तर चावणं नको. तुम्हाला कातडीवर चिकटवायचा पॅच जास्त सोयीचा पडेल. किती मिलिग्रॅमचा, किती आठवडे, हे डॉक्टर तुमच्या पुड्यांच्या हिशेबाने ठरवतील. पॅचची जागा रोज बदला, आणि झोपेत विचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून ठेवायचा का ते विचारा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. ताण, झोप, मन याबद्दल बोलायचं तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला मराठीत बोलता येतं.

जागं राहण्यासाठी ड्यूटीआधी दीड तासाची झोप खर्ऱ्यापेक्षा जास्त कामाची असते. चहा-कॉफी ड्यूटीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या. शेवटच्या चार-पाच तासांत घेतलेली कॉफी रनिंग रूममधली झोप खाते, आणि त्याचा हिशेब दुसऱ्या रात्री द्यावा लागतो. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. तंबाखू सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींना छाले जास्त येतात. ते पाहून 'सोडल्यानेच बिघडलं' म्हणत पुन्हा पानठेल्याकडे वळणारे पुष्कळ असतात. ते छाले तात्पुरते असतात.

छाला आला की काय करायचं ते सांगतो. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. फार झोंबलं तर मिठाऐवजी अर्धा चमचा खायचा सोडा. ट्रायॲमसिनोलोन ०.१ टक्क्याची तोंडात लावायची पेस्ट डॉक्टरांनी दिली तर ती छाला नुकता चुरचुरायला लागल्यावरच सुरू करा, मोठा झाल्यावर तिचा उपयोग कमी होतो. जागा कापसाने कोरडी करा, मुगाएवढी पेस्ट बोटावर घेऊन छाल्यावर नुसती टेकवा आणि दाबा. चोळायची नाही. चोळली की ती रवाळ होते, चिकटत नाही आणि गिळली जाते. 'लावली पण काही झालं नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांनी ती चोळलेली असते. जेवणानंतर दोन वेळा आणि झोपताना सर्वांत शेवटी एकदा लावा, त्यानंतर पाणीही नको. सात दिवसांत फरक नाही पडला तर पेस्ट वाढवू नका, दाखवा. आणि गालातल्या पांढऱ्या डागावर ही पेस्ट मुळीच लावू नका. डागाचं रूप बदलतं आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते.

जेवताना फार दुखत असेल तर बेन्झिडामिन ०.१५ टक्क्याचं माउथवॉश जेवणाआधी १५ मिलिलिटर, अर्धा मिनिट गुळणी करून थुंकायचं. एका आठवड्यापेक्षा जास्त नाही. तुमच्यासाठी इथे एक खास सूचना आहे. बाजारातल्या काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. साईन ऑनच्या, म्हणजे ड्यूटीवर हजर होण्याच्या, वेळी ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकायच्या आधी ते वापरलं तर तोंडात राहिलेलं अल्कोहोल मशीन पकडू शकतं. बाटलीवर 'अल्कोहोल-फ्री' लिहिलेलंच घ्या. ते छाल्याला झोंबतही नाही. तसंच, डॉक्टरांना 'मी ट्रेन चालवतो' हे पहिल्याच वाक्यात सांगा. तोंडाच्या आगीसाठी, जबड्याच्या दुखण्यासाठी, झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या गुंगी आणतात आणि तोंड आणखी कोरडं करतात. मेडिकल स्टोअरमधून स्वतःहून आणलेल्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांचंही तेच.

तुरटी, लवंगेचं तेल, दाबून धरलेली ॲस्पिरिनची गोळी हे सगळं बंद. ॲस्पिरिनने अस्तर जळून पांढरं पडतं आणि छाल्याच्या जागी भाजल्याची मोठी जखम होते.

बी-कॉम्प्लेक्सबद्दल. आंधळेपणाने घेण्याआधी रक्त तपासा : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलिक ॲसिड आणि तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी. लोह, बी-१२ किंवा फोलिक कमी असलं तर छाले पुन्हा पुन्हा येतात, पण साध्या कॅप्सूलमधल्या मात्रेने खरी कमतरता भरून निघत नाही. आत्ता गोळी चालू असेल तर तसं लॅबला आणि डॉक्टरला सांगा, आकडे वर दिसतात. छाल्यांबरोबर डोळे लाल होणं, गुप्तांगावर जखमा, सांधे धरणं किंवा सततचे जुलाब असतील तर संकोच न करता सांगा, तो वेगळा आजार असतो. टूथपेस्टच्या खोक्यावर सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलं असेल तर दोन महिने त्याच्याशिवायची पेस्ट वापरून बघा, काहींना एवढ्यानेच बराच फरक पडतो. आणि एका वहीत दोन महिने तीन रकाने ठेवा : ड्यूटी आणि झोपेचे तास, छाला कुठे व कोणत्या तारखेला उठला आणि गेला, त्या आधीच्या दोन दिवसांत काय खाल्लं. ताणाचा वाटा नक्की किती, ते या वहीतून कळेल. तुमच्या अंदाजावर किंवा आमच्या अंदाजावर ते सोडू नये.

आता बायोप्सीची भीती. बायोप्सी ही तपासणी आहे. गालाचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा काढल्याने तुमचे डोळे, कान, हृदय यांच्या तपासणीत काही बदलत नाही. रेल्वेचे डॉक्टर पुढचा निर्णय घेतील तो निदान काय येतं त्यावर, आणि डागाच्या टप्प्यावर निदान झालं तर उपचार लहान असतो. जखमेच्या, गाठीच्या टप्प्यावर सापडलं तर जबड्याचा भाग काढण्यापर्यंत गोष्ट जाते, आणि तेव्हा महिनोन्‌महिने ड्यूटी सुटते. म्हणून लपूनछपून बाहेर जाण्यापेक्षा रेल्वे रुग्णालयातूनच रेफरन्स घ्या, सगळं कागदावर राहील. थेट जायचं असेल तर मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे दात काढण्याच्या रांगेत उभं न राहता मुखरोग निदान विभाग, म्हणजे ओरल मेडिसिन, विचारा. पुढे गरज पडलीच तर तुकडोजी पुतळ्याजवळचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि शहरालगत जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे.

डाग मऊ, सपाट आणि निव्वळ पांढरा असेल तर डॉक्टर कदाचित आधी खर्रा पूर्ण बंद करायला आणि टोकदार दाढ घासून द्यायला सांगतील, मग दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बघतील. डाग गेला तर चांगलंच. राहिला तर बायोप्सी. लाल, कडक किंवा जखम झालेल्या डागासाठी वाट पाहत नाहीत. बायोप्सीने कॅन्सर पसरतो हा समज चुकीचा आहे. जागा बधिर करून तुकडा काढतात, एक-दोन टाके पडतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. बधिरता असते तोवर काही खाऊ नका, स्वतःचाच गाल चावला जातो आणि कळत नाही. चोवीस तास जोरात चूळ नको, त्यानंतर मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. दोन-तीन दिवस गार, मऊ जेवण : दहीभात, ताक, पातळ वरण. रात्रीची ड्यूटी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घेऊ नका.

जाताना बायकोला सोबत न्या. खर्रा दिवसाला किती आणि किती वर्षं, हे तुम्ही कमी सांगाल, त्या बरोबर सांगतील, आणि डॉक्टरला तो आकडा खरा लागतो. डागाचा आजच एक फोटो काढून ठेवा, शेजारी पट्टी धरून. रिपोर्ट साधा आला तरी तो फोटो पुसू नका. तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी दाखवायला जाल तेव्हा डाग वाढला की आटला, हे त्याच्याशी ताडून बघता येईल.